एकगाठी

धाकटीच्या मुलाचं लग्न ज्या वर्षी मोडलं आणि दोन महिन्यांत त्याच मुलीशी पुन्हा जुळलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मोडलं ते एका नावावरून आणि जुळलं ते एका अटीवर.

नाव होतं एकगाठी. धाकटीच्या थोरल्या जावेला सगळी गल्ली याच नावाने ओळखायची. आणि अट अशी, की लग्नानंतर ही बाई त्या घरात राहता कामा नये. थोरलीने ती अट कुणी विचारायच्या आधीच मान्य करून टाकली. दूरच्या मावसभावाच्या घरामागे एक खोली रिकामी होती, तिथे जायचं तिने ठरवलं आणि ट्रंक खाली काढली.

नाव कसं पडलं ते सांगितलं पाहिजे. दोघी जावा इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होत्या. वॉर्डांतून मळक्या कपड्यांची पोती यायची. साध्या वॉर्डाच्या पोत्याला एक गाठ, तापाच्या वॉर्डाच्या पोत्याला दोन. पोत्यावर इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठीही असायची, पण ती वाचणार कोण? बायका गाठी वाचायच्या. दोन गाठींचं पोतं उकळत्या टाकीत, एका गाठीचं साध्या मशीनमध्ये. वर्षानुवर्षं असं बिनबोभाट चाललं होतं. एकदा मात्र तापाच्या वॉर्डाचं पोतं एकाच गाठीनिशी पुढे गेलं, त्यातल्या चादरी कोमट पाण्यातून निघाल्या आणि बाळंतिणींच्या खाटांवर पडल्या. तिघींना ताप आला. दोघी उठल्या, एक उठली नाही.

साहेबांनी सगळ्या बायकांना ओळीने उभं केलं. "हे पोतं कुणी सोडून बांधलं?"

फाटक्या चादरी शिवताना धाकटीची कात्री त्या पोत्यात पडली होती. पोतं सोडून तिने कात्री काढली होती आणि घाईत, हाताच्या सवयीने, एकच गाठ मारली होती. तिने तोंड उघडायच्या आत थोरली ओळीतून पुढे झाली.

"मी बांधलं, साहेब."

थोरलीचा नवरा कधीच गेला होता आणि पदरी मूल नव्हतं. धाकटीचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि पदरी दोन लेकरं होती. थोरलीचं काम गेलं, धाकटीचं राहिलं. घरी आल्यावर थोरली एवढंच म्हणाली, "तुझी कात्री कामावर राहिलीय. उद्या आठवणीने आण."

त्यानंतर नऊ वर्षं दोघी या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. गल्लीत कुणाला मूल झालं की थोरली जुन्या मऊ चादरीचं झबलं शिवायची, आणि ते झबलं दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हाती परत यायचं. तिने बाळाकडे नुसतं पाहिलं तरी बाया पदर ओढून घ्यायच्या. धाकटी हे सगळं डोळ्यांनी पाहायची आणि खाली मान घालून कामावर जायची.

त्या प्रकारानंतर इस्पितळाने ठरवलं, की बायकांना चिठ्ठी वाचता आली पाहिजे. ठरलं लगेच, सुरू व्हायला आठ वर्षं लागली. निवृत्त झालेली एक नर्स शिकवायला यायची, तिला सगळ्या सिस्टरच म्हणायच्या. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलाभोवती वर्ग भरायचा. धाकटीने त्रेपन्नाव्या वर्षी पाटी धरली आणि वर्षभरात इतर बायकांच्या पुढे गेली. दर शुक्रवारी सिस्टर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणायची. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं आणि बोटाखाली येईल त्या शब्दावर ओळखीच्या माणसाबद्दल एक वाक्य लिहून पुढच्या शुक्रवारी वाचायचं.

धाकटीचं बोट पडलं ते नोबिलिटी या शब्दावर.

"अगं बाई, भारीच घास घेतलास," सिस्टर म्हणाली. "याचे दोन उपयोग. एक म्हणजे राजेरजवाडे, सरदार, मोठ्या घराण्यात जन्मलेले लोक. त्या सगळ्यांना मिळून हा शब्द."

"म्हणजे ज्यांच्या चादरी आपल्याकडे येत नाहीत ते," इस्त्रीवाली म्हणाली. ही धाकटीच्या होणाऱ्या सुनेची मावशी. लग्न जुळवणारी तीच, मोडणारी तीच आणि अट घेऊन येणारीही तीच.

"येतात की. ताप आला म्हणजे त्यांनाही हीच खाट," सिस्टर म्हणाली. बायका हसल्या.

"आणि दुसरा?" धाकटीने विचारलं.

"दुसऱ्याला जन्म लागत नाही. स्वतःचं नुकसान सोसून माणूस दुसऱ्याचं भलं करतो आणि त्याची वाच्यता करत नाही, तो मनाचा मोठेपणा. आणि एक ध्यानात ठेव, हा शब्द कुणी स्वतःला लावून घेत नाही. लोक हसतील. दुसऱ्यानेच लावायचा असतो."

"आणि दुसरा गप्पच बसला तर?"

"तर पडून राहील शब्दकोशात," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली.

धाकटी घरी आली तेव्हा थोरली ट्रंक भरत होती.

"जाऊबाई, एवढ्यात कशाला?"

"आयत्या वेळी धांदल नको. तुझी विहीण घर बघायला येईल, तेव्हा माझी चिंधीसुद्धा दिसायला नको."

ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांखाली झबली होती. परत आलेली. धाकटीने हात घालून मोजली. अकरा.

"ही कशाला नेताय?"

"मग तुझ्या सुनेला देऊ?" थोरली हसली. "पहिल्या दिवशीच माहेरी पळेल बिचारी."

धाकटीला त्या आठवड्यात अन्न गोड लागलं नाही. कागदाच्या एका बाजूला तिने लिहिलं, राजाच्या दरबारात नोबिलिटी बसते. बरोबर वाक्य, कुणाला त्रास नाही. मुलाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. मग कागद उलटून तिने दुसरं वाक्य लिहिलं आणि तो कागद आठवडाभर चोळीत ठेवला.

शुक्रवारी तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली, सरळ बाजू पाहिली आणि कागद उलटा केला. आधी अडखळत इंग्रजीत वाचलं. मग सगळ्यांना कळावं म्हणून आपल्या भाषेत सांगितलं.

"माझ्या जावेच्या नोबिलिटीवर मी नऊ वर्षं जगले. ती एक गाठ मी मारली होती."

इस्त्रीवालीची इस्त्री अभ्र्यावर तशीच राहिली आणि कापड करपल्याचा वास सुटला.

"त्या बाळंतिणीला शेवटचं पाणी मी पाजलं होतं," सिस्टर म्हणाली. चष्मा काढून तिने तो पदराला पुसला. "वाक्य बरोबर आहे. बस खाली."

धाकटी बसली नाही. ती तशीच साहेबांकडे गेली आणि संध्याकाळी कामावरून कायमची घरी आली. इस्त्रीवाली तिच्याही आधी मुलीकडे पोचली होती. आता दोघींपैकी कुणाला हाकलायचं हेच त्या लोकांना कळेना. शेवटी मुलगीच बोलली. लग्न करीन, थोरल्या सासूबाई घरातच राहतील, पण माझं मूल धाकट्या सासूबाईंच्या हातात देणार नाही. धाकटीने मान डोलावली. यात चुकीचं काय होतं?

थोरली मात्र पेटून उठली.

"कुणी सांगितलं होतं तुला शहाणपण करायला?"

"जाऊबाई, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी, तुझ्यासाठी! माझं होतं ते. तेवढं एकच होतं माझं, तेही ओढून घेतलंस!"

बारा दिवस ती धाकटीशी बोलली नाही. लग्न तशाच अबोल्यात लागलं. तेराव्या दिवशी सकाळी चहाचा कप धाकटीपुढे सरकवत थोरलीने विचारलं, "तो शब्द काय होता गं?"

"नोबिलिटी."

थोरलीने दोनदा म्हणून पाहिला. "दातांत अडकतो."

"त्याचा अर्थ..."

"इस्त्रीवालीने सांगितलाय गल्लीभर. मला लावू नकोस तो." थोरली कपाकडे बघत बोलू लागली. "त्या दिवशी मी बाजूच्याच टेबलाशी होते. तू कात्री काढलीस ते पाहिलं. गाठही पाहिली, एकच होती. म्हटलं, हातातला ढीग संपू दे, मग मारते दुसरी. ढीग संपला आणि पोतं निघून गेलं. साहेबांना मी काही खोटं सांगितलं नव्हतं, धाकटे. अर्धं खरं होतं."

धाकटीचा चहा तसाच निवला. दुपारी तिने वही काढली, तिच्यात ठेवलेला तो कागद उलटा केला, पेन उचललं आणि बराच वेळ हातात धरून बसली. वाक्य खोडलं नाही. त्याखाली दुसरंही काही लिहिलं नाही.

झबली ट्रंकेतच राहिली. गल्लीतली एकजण एकदा आपली तान्ही मुलगी घेऊन दाराशी आली होती, पण थोरलीनेच हात मागे घेतले. म्हणाली, "अंग कणकणतंय माझं. दुरूनच बघते."

धाकटीने सिस्टरकडे जाऊन त्या बाळंतिणीचं नाव आणि तारीख विचारून आणली आणि वहीत लिहून ठेवली. बाळंतीण वारली ती एकोणीस जूनला, तेवीस वर्षांची होती. थोरली जाऊ वारली ती त्यानंतर नऊ वर्षांनी, लग्नाला अडीच महिने झाले असताना, अकरा डिसेंबरला, मंगळवारी सकाळी, छातीत कफ भरून. धाकटीचा नातू पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मला.