चौकशीला आलेला माणूस

दारात फाईलवाला माणूस दिसला आणि नंदा सावध झाली. का होणार नाही? गेल्याच महिन्यात तहसील कचेरीतून असाच एक जण शेजारच्या वेणूबाईकडे चौकशीला आला होता. ती बया भोळी! मुलगा कॉल सेंटरला लागला म्हणून कौतुकानं सांगत बसली, वर त्या माणसाला चहा पाजला. झालं, वेणूबाईची निराधार पेन्शन बंद. घरात कमावतं माणूस आलं की सरकार हात आखडता घेतं, हे तेव्हापासून हडपसरच्या त्या अख्ख्या वस्तीला पाठ झालं होतं.

नंदाचं घर याच पेन्शनवर आणि दोन घरच्या भांड्यांवर चालायचं. नवरा सुखदेव जाऊन सहा वर्षं झाली होती. पदरात एकुलती एक चैताली. पोरीनं बारावीनंतर महापालिकेचा फुकटचा कॉम्प्युटर क्लास केला आणि तिथूनच एका आयटी कंपनीत तिची निवड झाली. पण नोकरीची ऑर्डर अजून हातात नव्हती. त्याआधीच पेन्शन गेली तर खायचं काय?

"चैताली सुखदेव रंगारी इथंच राहतात का?" त्या माणसानं विचारलं.

नाव घेऊन विचारतोय म्हणजे कुणीतरी चुगली केलीय, हे नंदानं ताडलं. तिनं दोरीवरची चैतालीची ओढणी हळूच खेचून पाठीमागे धरली. पोर मोठी झाली म्हणून पेन्शन अडू नये, यासाठी गेल्या वर्षी अर्जात जे लिहून दिलं होतं, तेच तिनं घडाघडा म्हणून दाखवलं.

"नाही हो, कुठली राहायला! लग्न झालं तिचं. वर्ध्याला दिली."

"शिक्षण किती?"

"दहावीतच गटांगळी खाल्ली. तिचं डोकं कुठलं चालायला!"

हे मात्र बोलताना तिची जीभ जड झाली. बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले तेव्हा नंदानंच वस्तीभर पेढे वाटले होते. पण आता माघार कशी घेणार? त्यानं सगळं लिहून घेतलं, खाली तिची सही घेतली आणि तो गेला. नंदानं ओढणी परत दोरीवर टाकली. काय बनवलं त्याला!

अर्ध्या तासानं चैताली धावतच घरात शिरली. "आई, कुणी आलं होतं का? कंपनीनं पत्ता तपासायला माणूस पाठवलाय. मी इथं राहते, शिकलेय, एवढं त्यानं लिहून दिलं की ऑर्डर!"

"अगं बाई, मी काय करून बसले!" म्हणत नंदा अनवाणीच गाडीतळाच्या बसस्टॉपकडे पळत सुटली. मागून चैताली.

तो रसवंतीच्या बाकावर सापडला. नंदानं चैतालीला पुढं ओढलं. "साहेब, ही बघा माझी पोर! इथंच असते!"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "वा! वर्ध्याहून अर्ध्या तासात? एसटीनं एवढी प्रगती कधी केली?"

"मला वाटलं, तुम्ही पेन्शनवाले. माझं काय करायचं ते करा, पण पोरीच्या पोटावर पाय आणू नका." नंदाला रडू आवरेना. चैतालीनं आईकडे बघितलंसुद्धा नाही.

"मावशी, सही तुमची आहे. मघाशी खोटं बोललात, मग आता खरं कशावरून?" त्यानं एकदा चैतालीकडे, एकदा नंदाच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग त्यानं कागदाचे चार तुकडे केले. "घर बंद होतं, असं लिहितो. उद्या आमचा दुसरा माणूस येईल. त्याच्यापुढे अशी नाटकं केलीत, तर नोकरी विसरा."

दुसऱ्या दिवशी नंदा कामावर गेलीच नाही. चैताली घरातच होती, पण कालपासून आईशी एक शब्द बोलली नव्हती. अकराच्या सुमाराला दारात फाईलवाला उभा राहिला. नंदानं त्याला तोंडच उघडू दिलं नाही.

"या, या! ही माझी मुलगी चैताली. इथंच राहते. बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के! आयटी कंपनीत निवड झालीय तिची!"

त्या माणसानं फाईल उघडली, चष्मा वर सरकवला. "मी तहसील कचेरीतून आलोय, बाई. आमच्या कागदावर तर तुमची मुलगी लग्न होऊन वर्ध्याला गेलीय."

नंदानं दाराबाहेर नजर टाकली. वेणूबाई आपल्या दारातून बघत होती.

"ही भाची वगैरे असेल तर तसं सांगा," तो आवाज उतरवून म्हणाला. "मी तसं लिहीन. नाहीतर पेन्शन गेलीच म्हणून समजा."

भाची! एवढा एक शब्द, की पेन्शन वाचणार होती. नंदानं चैतालीकडे बघितलं. ती मान खाली घालून उभी होती. आई आता काय म्हणणार, हे जणू तिला कालच कळून चुकलं होतं.

"नाही," नंदा म्हणाली. "मुलगीच आहे माझी. पोटची. लिहा तसं, आणि करा पेन्शन बंद."

त्यानं लिहिलं. नंदानं सही केली. मग ती स्टोव्ह पेटवायला वळली.

"बसा, चहा घेऊन जा. अजून एक जण यायचाय, त्यालाही हेच सांगायचंय."

चैतालीनं तिच्या हातातून भांडं घेतलं. "आई, तू बस. मी ठेवते."