डावा हात

तिने तळहातावर तेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊन केले आणि पालथ्या झोपलेल्या आईच्या पाठीवर ठेवले. कित्येक वर्षांनी.

हे हात कुणाचे, ते आईला सांगितलेलं नव्हतं. तिचा चेहरा पलंगाला तोंडासाठी ठेवलेल्या खाचेत होता, खालची फरशी तेवढी दिसत असणार. बेत वहिनीचा.

"ताई, आईंचा खांदा धरलाय," ती फोनवर कुजबुजली होती. "साधी वेणी घालता येत नाही हो त्यांना. मी घेऊन येते, तुमचा विषय काढणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी त्यांना झोपवू दे, मग तुम्ही आत या. आणि बोलू नका, आवाज ओळखतील."

"आणि नंतर?"

"बरं वाटलं की राग उतरेल. माणूसच आहेत ना त्या."

राग होता तो हातांवर. मसाज केंद्राच्या मालकीणबाई दारावर 'तन-मनाचा सुसंवाद' असं काय काय लिहून घेत. आई त्या सगळ्याला 'मालीश' म्हणायची, तेही नाक मुरडून. लेकीने ही नोकरी धरली तेव्हा तिने एकच सांगितलं होतं, "लोकांची अंगं चोळलेले हात घेऊन माझ्या घरात येऊ नकोस." लेकही तिचीच. पुन्हा म्हणून ती त्या घराची पायरी चढली नाही. रोज परक्या बायकांच्या पाठी सैल करायच्या आणि घरी जाऊन स्वतः कुढत बसायचं, असं चाललं होतं.

आज मात्र तिने ठरवलं होतं. शेवटी आईला उताणी करायची, डोळ्यांवर कापसाची घडी ठेवायची आणि सगळं झालं की ती घडी स्वतःच्या हाताने उचलायची. आईने डोळे उघडले की समोर लेक. मग शिव्या दिल्या तरी चालतील.

पाठ बारीक झाली होती. मणके हाताला लागत होते. उजव्या खांद्याखाली गाठ होती. ती शोधायला डावा अंगठा आपोआप पुढे गेला. ती जन्माची डावखुरी. लहानपणी अभ्यासाला बसवताना आई तिचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधायची. अक्षर उजव्या हातात आलं, छान वळणदार आलं, पण जोर राहिला डाव्यातच. हे काम शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "हा हात कुठे लपवून ठेवला होतास गं?"

अंगठा गाठीवर रुतला.

"आई गं!"

या खोलीत रोज कुणी ना कुणी कळवळून हेच म्हणायचं. आज आईच म्हणाली, आणि लेकीला हसूही आलं आणि भरूनही आलं. तिने जोर कमी केला, अंगठा हळूहळू गोल फिरवत राहिली.

गाठ विरघळत गेली, खांदा खाली आला, श्वास लांब झाला.

"हाताला जोर आहे तुझ्या," आई खाचेतून म्हणाली.

"हं."

"आई आहे तुला?"

तिचा हात क्षणभर थांबला. "हं."

"मला एकच मुलगा," आई म्हणाली. "मुलगी नाही. नाही तेच बरं."

केंद्रातल्या नव्या पोरींना लेक नेहमी सांगायची, तोंड खोटं बोलतं, खांदा बोलत नाही. माणूस मनाविरुद्ध बोललं की खांदा आवळतो. तिने अंगठा तिथेच ठेवला आणि वाट पाहिली. खांदा आवळला नाही. तिनेच मऊ केलेला तो खांदा तिच्या हाताखाली मऊच राहिला.

तिने काम अर्धवट सोडलं नाही. आईला उताणी केली, डोळ्यांवर घडी ठेवली, दंड आणि बोटं मोकळी केली, चादर गळ्यापर्यंत ओढली. घडी तिने उचलली नाही. दार आवाज न करता लोटून ती बाहेर आली.

काही वेळाने वहिनी लगबगीने बाहेरच्या नोंदवहीच्या टेबलापाशी आली. चेहरा नुसता फुललेला.

"ताई, जादू केलीत! आईंचा हात पार डोक्यापर्यंत गेला. कपडे बदलताहेत आत. काही बोललात की नाही?"

"नाही जमलं."

"असू दे, पुढच्या वेळी बोला. पुढच्या आठवड्यात परत यायचं म्हणताहेत, स्वतःहून! फक्त..." वहिनी हसली. "म्हाताऱ्या माणसांचं काय एकेक असतं. म्हणतात, या वेळी होती ती नको, उजव्या हाताची बाई द्यायला सांग. आता हे काय खूळ?"

तिने पुढच्या आठवड्याचं पान उघडलं, पेन उजव्या हातात घेतलं आणि आईच्या नावापुढे दुसऱ्या बाईचं नाव लिहिलं. अक्षर छान वळणदार आलं.