निजली

आमच्या आईकडं शेवटी एकच शब्द उरला होता, ‘नीज’. तोही आम्ही चुकीचा घेतला.

दीड वर्षापूर्वी तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ती जळकोटला, मी धाराशिवच्या शाळेत मराठीची बाई. भाऊ शिवपुत्र ट्रकवर, आठ-आठ दिवस घराबाहेर. म्हणून सगळं पडलं भावजयीवर, शिवलीलावर. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, दिवसाही आणि रात्रीही. त्यात आई डावा हात हलवत सारखी म्हणायची, “नीज... नीज.” मला वाटलं, हिला नीज येत नाही. “पाय चोळत जा, थोपटत जा तिला,” मी हुकूम सोडला. हुकूम सोडण्यात माझा हात कोणी धरणार नाही. तेव्हापासून आईची कूस बदलून झाली तरी शिवलीला आडवी व्हायची नाही, पाय चोळत बसायची.

दर रविवारी मी एसटीनं डिंकाचे लाडू घेऊन जायची. डबा आठवड्यात रिकामा. आई वाळत चालली होती आणि शिवलीला मात्र सुटत चालली होती. तिची पोलकी तिला होईनात. माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. एका रविवारी शेजारच्या प्रेमाबाईंदेखत मी बोलून गेले, “आईचं दुखणं तुला चांगलंच मानवलं गं.”

शिवलीलानं पदर पोटावरून ओढून घेतला आणि चहा टाकायला आत गेली. दोन महिन्यांनी ती चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं की त्या दिवसापासून तिनं रात्रीची भाकरी सोडली होती.

आईजवळ प्रेमाबाईंना बसवून मी तिला धाराशिवला आणलं. डॉक्टर सोनाली माझीच विद्यार्थिनी. तिनं सगळं तपासलं आणि विचारलं, “बाई, या सलग झोपतात किती?”

मी शिवलीलाकडं पाहिलं. ती म्हणाली, “सलग? आठवंना मला.”

“झोप अशी तुटत राहिली की भूक वाढते, गोडावर मन जातं,” सोनाली म्हणाली. “दिवसा अंगात त्राण नसतं, हालचाल कमी होते, मग खाल्लेलं खर्च होत नाही. आणि अशात जेवण तोडलं, तर चरबी बरीचशी राहते आणि मांसच जास्त झडतं. बाई, यांना आधी झोपू द्या.”

परतीच्या बसमध्ये शिवलीला हळूच म्हणाली, “अक्का, लाडू म्या खाल्ले, व्हय. जागलं की पोटात खड्डा पडायचा. पर आत्यांला चुरून दिल्याबिगर न्हाय खाल्ले कधी.”

तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला माझीच चीड आली होती आणि ती मी गिळून टाकली.

आठ दिवसांची रजा टाकून मी जळकोटला राहिले. पहिल्याच दुपारी जेवणं झाल्यावर म्हणाले, “आज कूस मी बदलते. तू आडवी हो.” ती खाटेशेजारी चटईवर टेकली आणि घटकाभरात घोरायला लागली. आई मान वळवून तिच्याकडं बघत राहिली, कितीतरी वेळ.

मी सवयीनं पाय चोळायला घेतले. आईनं डावा पाय ओढून घेतला. हात शिवलीलाकडं केला आणि जीभ सावरत म्हणाली, “निजली.”

माझे हात थांबले. चौदा महिने आई स्वतःसाठी नीज मागत नव्हती. ती सुनेला सांगत होती, तू नीज. पंचवीस वर्षं मी पोरांना नाम आणि क्रियापद ओळखायला शिकवते, आणि घरातलं एवढं एक क्रियापद मला ओळखू आलं नाही.

चारच्या सुमाराला आईचा श्वास बदलला. शिवलीलाला उठवायला मी हात लांब केला, तर आईनं माझं मनगट धरलं. तेवढा जोर तिच्यात कुठून आला, कोण जाणे. तिची नजर चटईवरच होती. मग पकड हळूहळू सुटली. माझ्या रडण्यानं शिवलीला जागी झाली, तोवर आई गेली होती.

याला आता चार महिने झाले. घरात कुणाची कूस बदलायची नाही, तरी शिवलीला दर दोन तासांनी उठते आणि खाट होती त्या जागी जाऊन बसते. “म्या निजले, अन् आत्या गेल्या,” एवढंच म्हणते. पोलकी अजून घट्टच होतात.

मी तिची माफी मागितली. आईचा शब्द, मनगटावरचा हात, सगळं तिला सांगितलं, एकदा नाही, दर रविवारी सांगते. ती मान खाली घालून ऐकते.

“अक्का,” परवा ती म्हणाली, “तुमी माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलताव.”

दुखणं मानवलं असं मी म्हणाले होते, ते मात्र तिनं एका ऐकण्यात खरं धरलं होतं.