हे चित्र माझं नाही

चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरणार होतं. संग्रहालयात शिड्या लागल्या होत्या, कामगार भिंतींवर चित्रं चढवत होते, संचालिका दोन वार्ताहरांना दालन दाखवत होती आणि चित्रकार मधोमध उभा राहून "अजून डावीकडे" म्हणत होता. तेवढ्यात त्याची थोरली बहीण आली. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"याचं पहिलंवहिलं चित्र," ती संचालिकेला म्हणाली. "स्वतःचंच काढलंय. म्हटलं, तुमच्याकडे हेही असू द्यावं."

तिने चादर सोडली. तपकिरी रंगातला एक पोरगेला तरुण. घट्ट बांधलेला टाय, सुपाएवढे कान आणि कुणीतरी ओरडेल अशी भीती डोळ्यांत. भोवती भिंतींवर चित्रकाराचे काळे चौकोन आणि फाडलेले पत्रे होते. त्यांच्यात तो पोरगा चुकून मोठ्यांच्या बैठकीत शिरल्यासारखा दिसत होता.

"पण सर, तुम्ही तर सगळं जाळलं होतंत ना?" संचालिकेने विचारलं.

ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. तरुणपणी चित्रकाराने मित्रांबरोबर जाहीरनामा काढला होता: जुनं जाळल्याशिवाय नवं दिसणार नाही. मग घरामागच्या अंगणात त्याने आपली झाडून सारी चित्रं पेटवली. त्याच्यावरचं प्रत्येक पुस्तक त्या आगीपासून सुरू व्हायचं. ढिगातलं एक चित्र कमी आहे आणि ते कुणी उचललंय, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. पण आगीची गोष्ट सांगताना तो ते कधी बोलला नाही, आणि पुढे पुढे त्याची गरजही वाटेनाशी झाली.

एका वार्ताहराने पेन उघडलं.

"हे माझं नाही," चित्रकार म्हणाला. आणि तेवढ्यावर न थांबता पुढे म्हणाला, "ताईचं वय झालंय. कुणाचं तरी उचलून आणलं असेल."

शब्द तोंडातून गेले तेव्हा त्याची नजर चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर होती. तिथे चार बोटं रंगवलेली होती. तेव्हाच्या घराच्या ओलसर भिंतीत खिळा टिकत नसे, म्हणून ताई कारखान्यातून दमून आली की आरसा हातात धरून त्याच्यासमोर उभी राहायची. हात थरथरले की तो खेकसायचा, "हलू नकोस गं!" शेवटी गंमत म्हणून त्याने तिची बोटंही काढली. "मेल्या, नखं तरी स्वच्छ काढायचीस," म्हणून ती पोट धरून हसली होती.

आता ती हसली नाही. भांडलीही नाही. संचालिकेने मऊ आवाजात म्हटलं, "आजी, बसा ना. पाणी देऊ?" भ्रमिष्ट माणसाशी बोलावं तसं.

"नको बाई. मी चालत आलेय, चालत जाईन." तिने चादर पुन्हा नीट गुंडाळली आणि ती गेली.

उद्घाटनाला ती आली नाही. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. कुणी विचारलं म्हणून चित्रकाराने आगीची गोष्ट पुन्हा सांगितली आणि सांगता सांगता त्याला स्वतःच्या आवाजाची किळस आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईचे तीन जिने चढून वर गेला. ती मटार सोलत होती.

"ताई, माझं चुकलं."

"ये. बूट पूस आधी."

"मी त्यांना खरं सांगतो. आत्ता, तुझ्यासमोर."

"सांग की. तोंड तुझं, शब्द तुझे."

त्याने तिथूनच संचालिकेला फोन केला. चित्र माझंच आहे, मी खोटं बोललो, माझी बहीण खरं बोलत होती. एवढं सांगताना त्याला घाम फुटला. पलीकडे संचालिकेचा आवाज आनंदाने चढला. "सर, ही तर आगीपेक्षा मोठी गोष्ट झाली! मी गाडी पाठवते!"

तो शरमेने पाणी पाणी झाला. आपल्या पापाचंही कौतुकच होणार, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"गाडी नको म्हणावं," ताई शेंग मोडत म्हणाली. "चित्र मिळायचं नाही."

"पण मी कबूल केलं ना?"

"केलंस, बरं केलंस. माझ्या डोक्याला काही झालं नाही, हे लोकांना कळेल. पण त्या पोराला मी तिथे परत नेऊ? तिथे घरच्या माणसानेच त्याला ओळख दिली नाही." तिने सोललेले दाणे वाटीत टाकले. "तू त्याला जाळायला काढलं होतंस, सोन्या. मी सांभाळलाय. आता तो माझा."

बातमी छापून आली. जाणकारांनी लांबलचक लेख लिहिले. काही जण ताईच्या दारापर्यंत गेले आणि "घरात काही नाही" असं ऐकून परतले. चित्रकार मात्र दर आठवड्याला तिच्याकडे जाऊ लागला. ती गुडघ्यांबद्दल बोलायची, शेजारणीच्या नळाबद्दल बोलायची. चित्र कुठे ठेवलंय ते ती सांगत नसे.

एकदा त्याला राहवलं नाही. "ताई, एकदा बघू दे ना."

"कशाला? चहा निवतोय बघ."

तो चहा प्यायला. मग तिने उसवलेली उशी आणि सुई त्याच्यापुढे केली, "एवढी ओवून दे, मला दिसत नाही," म्हणून. दिसत त्यालाही नव्हतं. पण तो तसं म्हणाला नाही. खिडकीशी जाऊन दोरा तोंडात ओला करत राहिला.