नोकराचं वाक्य

वडील गेले आणि तीन महिन्यांत एर्सिलियाला त्यांचा आवाज आठवेनासा झाला. चेहरा होता, खोकला होता. आवाज तेवढा निसटत होता. तिच्या वडिलांनी, ओत्ताव्हिओंनी, आयुष्यभर परदेशी नटांच्या तोंडी इटालियन वाक्यं घातली. पडद्यावर नाव कधी आलं नाही, आणि घरी ते मोजकंच बोलत.

म्हणून ती रोमच्या त्या गल्लीतल्या थेटरात आली होती. ज्या अमेरिकन नायकाचा आवाज ते होते, त्याच्या चित्रपटाची ही शेवटची प्रत. दुपारचा खेळ संपला की वितरकाचा माणूस कुऱ्हाडीने रिळं तोडून फितीतली चांदी काढायला नेणार होता. करार संपलेल्या प्रतींचं असंच होई.

दिवे मालवले. नायक घोड्यावरून उतरला, त्याने तोंड उघडलं, आणि कुणा तिऱ्हाइताचा तरणा, गुळगुळीत आवाज आला.

"ह्याचा आवाज बदलला की गं," शेजारची म्हातारी भोपळ्याच्या बिया सोलत म्हणाली. "आधीचा भारदस्त होता. हा न्हाव्यासारखा बोलतोय."

"नव्यानं भरलाय आवाज," तिची मैत्रीण म्हणाली. "आधीचा म्हातारा झाला असेल."

एर्सिलिया उठू शकली नाही. जाण्याआधीचं वर्षभर वडील रोज स्टुडिओत जात होते. आल्यावर म्हणत, आज मोठा प्रसंग होता. मग कोट खुंटीला लावत.

अर्ध्या चित्रपटानंतर हवेलीचं दार उघडलं. टकल्या नोकर वाकून म्हणाला, "मालक, गाडी दाराशी आहे."

शेवटच्या शब्दाला दम पुरला नव्हता. ते वडील होते.

"आजोबा, बसा जरा," मागून कुणीतरी ओरडलं, "नाहीतर गाडी तुम्हालाच न्यायची." थेटर हसलं. त्या हसण्यात दार बंद झालं. नोकर पुन्हा आला नाही.

खेळ संपताच ती वर, यंत्राच्या खोलीत गेली. यंत्र चालवणारा नाझारेनो रिळं डब्यांत भरत होता.

"तेवढंच एकदा लावा. नोकराचं."

"वीज गेली, सिन्योरा. आता उद्याच येणार. आणि तो वितरकाचा माणूस खाली उभाच आहे."

"त्याला सांगा, उद्या ये म्हणून."

"माझं ऐकतोय तो. माझी बायकोही ऐकत नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तो टकल्या कोण तुमचा?"

"टकल्या नाही. आवाज. माझे वडील."

नाझारेनो डब्यांकडे वळला. त्याने एक डबा उघडला, फीत खिडकीपुढे धरून बराच वेळ सरकवली, कात्री लावली आणि हातभर तुकडा तिच्या हाती दिला.

"ही कडेची रेघ बघा. आवाज तो तिथेच असतो. चित्राच्या थोडा पुढेमागे असतो, म्हणून तुकडा जरा जास्तच घेतलाय."

तिने तुकडा उजेडात धरला. नखाएवढा नोकर एकाखाली एक वाकलेला. कडेला रेघ थरथरत होती, आणि एका ठिकाणी बारीक होत गेली होती.

"हे वाजवता येईल ना कुठे?"

"एवढ्याशानं यंत्र चालत नाही, सिन्योरा."

जिन्यावर पावलं वाजली. वितरकाचा माणूस डबे उचलून गेला, त्यांच्याकडे न बघता. खाली आवारात पहिला घाव पडला.

एर्सिलियाने फीत कानाशी नेली. नाझारेनो तिच्याकडे पाठ करून थंड झालेलं यंत्र पुसत राहिला.