रिकाम्या पेटीतली चिमूट

मी एक जुनी, फणसाच्या लाकडाची पेटी आहे. केरळात, पंपा नदीच्या काठी निरणम गावात, एका ख्रिस्ती घराच्या धान्याच्या खोलीत माझा मुक्काम. इट्टूप सुताराने मला एकही खिळा न मारता जोडलं. येशूचा शिष्य, प्रेषित तोमा स्वतः सुतार होता, त्याच्यासाठी केलेल्या वस्तूला खिळे ठोकायचे नाहीत, असा इट्टूपचा हट्ट. चांगलाच हट्ट म्हणायचा. अजून माझा एक सांधा हललेला नाही.

हा तोमा समुद्रावरून आला, इथल्या नारळीपोफळीत हिंडून येशूची गोष्ट सांगत राहिला आणि पलीकडच्या किनाऱ्यावर, मैलापूरला भाला लागून मेला, असं या घरात सांगतात. घरचा मूळपुरुष तिथवर पायी गेला आणि तोमाच्या थडग्याची ओंजळभर माती माझ्यात घेऊन आला. कुणी फार आजारी पडलं की त्यातली चिमूट पाण्यात कालवून पाजायची. घेताना मात्र डोळे मिटायचे. येशू मरणातून उठला यावर, त्याची जखम चाचपून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं तोमा म्हणाला होता ना, म्हणून आपण न बघता घ्यायची.

मित्रांनो, ओंजळभर माती पाच पिढ्या कशी पुरेल? ती केव्हाच संपली होती. तरी मिटल्या डोळ्यांनी आत आलेला हात चिमूट घेऊनच बाहेर जायचा. त्या वेळी मी क्षणभर जड व्हायचे. का, ते विचारू नका. मलाच भीती वाटायची.

एका पावसाळ्यात नदी ओट्याला लागली. सून सोसाची तीन वर्षांची अन्नम तापाने फणफणली होती आणि वैद्याची होडी येईना. भर दुपारी सोसा मला घेऊन बसली. तिचा या मातीवर फारसा भरवसा नव्हता. तिने डोळे उघडे ठेवून झाकण उचललं, कोपरान् कोपरा बोटांनी धुंडाळला. नुसतं लाकूड.

"अम्मच्ची, ही रिकामी आहे हो," ती रडकुंडीला येऊन सासूला म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही पाजलंत तरी काय?"

कुंजेली अम्मच्ची नातीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक आहे मला. लग्नाच्या वर्षी मीही बघितलं होतं. माझ्या सासूनंही. मीट डोळे आणि घाल हात."

सोसाने डोळे मिटले. हात आत आला आणि मी जड झाले. कितीतरी वेळ तो हात निघेना. निघाला तेव्हा चिमटीत कोरडी, पांढुरकी वाळू होती. आमच्या नदीकाठी तशी वाळू नाही.

संध्याकाळी अन्नमला घाम फुटला आणि तिने पेज मागितली. सोसा हसत हसत रडली. मग आपलं बोट चोळत हळूच म्हणाली, "आत कुणीतरी माझं बोट धरलं होतं."

"माझंही धरलं होतं," अम्मच्ची म्हणाली. "जा, पेज गरम कर."

मित्रांनो, जुनी वस्तू रिकामी दिसली म्हणून अडगळीत टाकू नका. तिला ओल लागू देऊ नका, वाळवी लागू देऊ नका. आणि कधी माझ्यात हात घालायची वेळ आली, कुणी बोट धरलं, तर घाबरून ओढून घेऊ नका. तो जुना संशयी आहे. तुम्ही खरे आहात की नाही, हे तो अजून चाचपून बघतो.