स्वप्नमालिका: एक ते अकरा

साथीमुळे स्टुडिओला कुलूप लागलं आणि पासपोर्ट फोटो काढणाऱ्या आमच्या फोटोग्राफरच्या अंगात कलावंत संचारला. वीस वर्षं त्याने लोकांना "मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका" एवढंच सांगितलं होतं. आता तो लेन्सच्या काचेवर व्हॅसलीन चोळून घरातल्या घरात स्वप्नं टिपू लागला. मॉडेल एकच, बायको. ती हॉस्पिटलात नर्स. ड्यूटीवरून येऊन, अंघोळ करून ती बिचारी जरा टेकली रे टेकली, की हा तिच्या अंगावर पडदा टाकायचा आणि म्हणायचा, "अर्धं मिनिट हलू नकोस."

"झोपले तर चालेल?"

"चालेल. उलट उत्तम!"

दोन महिन्यांत अकरा फोटो झाले. पडद्याआड तरंगणारी बायको, वाफेत विरघळणारी बायको, आरशात दोन डोक्यांची बायको. मालिकेचं बारसंही त्याने करून टाकलं, 'स्वप्नमालिका'. फक्त ती कुणाला दाखवायची त्याची छाती झाली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

एका सकाळी ती म्हणाली, "अहो, माझा एखादा हसरा फोटो द्या ना, चेहरा स्पष्ट दिसणारा. आम्ही नखशिखांत झाकलेल्या, पेशंट घाबरतात हो. काल एक आजी माझा हात धरायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, आत माणूस आहे कशावरून? म्हणून आता छातीवर फोटो लावायचं ठरलंय."

फोटोग्राफरने सगळं कपाट पालथं घातलं. अख्ख्या गावाचे कान त्याच्याकडे शाबूत होते, पण बायकोचा चेहरा एकाही फोटोत धड नव्हता. त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्याने स्टूल मांडलं, लाइट लावला. "हस."

ती हसली, म्हणजे ओठ ताणले. मास्कचे वळ नाकावर उठलेले, आणि हसायचं कसं हेच ती विसरली होती. त्याने दोन विनोद सांगितले. ते ऐकून ती आणखीच थकली. शेवटी मनाचा हिय्या करून त्याने स्वप्नमालिका तिच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय, धुणं वाळत घातलंय?"

"तू आहेस ती. म्हणजे, तुझा आत्मा."

ती फिसकन हसली. दोन डोक्यांपाशी पोचेपर्यंत स्टुलावरून पडायचीच बाकी राहिली. कलेचा अपमान गिळून त्याने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी आजींनी तिचा हात धरला, आणि वर विचारलं, "एवढं हसतेस कशाला गं?" तिने खरं काय ते सांगितलं. मग अख्ख्या वॉर्डाने ते फोटो मागितले, आणि आमच्या कलावंताचं पहिलं प्रदर्शन खाटांच्या समोरच्या भिंतीवर लागलं.

"कसं झालं?" ती दारात येताच त्याने विचारलं.

"पोट धरधरून हसले सगळे. डॉक्टर ओरडले, पेशंटना खोकला लागतोय म्हणून."

"सगळेच हसले?"

"एक मास्तर नाही हसले. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, फार सुंदर आहे, मला हल्ली असंच दिसतं."

त्याचा ऊर भरून आला. "बघ! निघाला की नाही एक जाणकार?"

"एकशे तीन ताप आहे हो त्यांना."

ताप उतरला की मास्तरही चारचौघांसारखे हसणार, हे फोटोग्राफरला कळत होतं.

"उतरेल ना गं?" त्याने काकुळतीने विचारलं. आयुष्यातला एकुलता एक रसिक गमवायची त्याची पूर्ण तयारी होती.